स्टेनोसिस, संकट आणि तंगी

रिपोर्टवर ‘स्टेनोसिस’ हा शब्द दिसला की घरातली माणसं हवालदिल होतात. काहीतरी भयंकर रोग जडला, असंच वाटतं. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेला कवी आहे. पण शब्दांची मुळं उकरायची खोड आहे. या शब्दाचं मूळ ग्रीक. ‘स्टेनोस’ म्हणजे अरुंद, ‘स्टेनोसिस’ म्हणजे अरुंद होणं. इतकंच. हे एका रोगाचं नाव नव्हे, अवस्थेचं नाव आहे. हृदयाची झडप पुरती उघडेनाशी झाली, मूत्रमार्ग आवळला, मणक्यातली मज्जारज्जूची पोकळी आक्रसली, तरी शब्द तोच. म्हणून शब्दाला घाबरण्याऐवजी डॉक्टरांना ‘कुठे?’ आणि ‘किती?’ हे विचारावं.

कचेरीतला ‘स्टेनो’ याच ग्रीक घराण्यातला. स्टेनोग्राफी म्हणजे आखडून लिहिणं. जॉन विलिस या इंग्रजाने १६०२ साली लघुलेखनाच्या आपल्या पुस्तकाला हे नाव दिलं.

आपल्याकडे तरी वेगळं काय? संस्कृतात ‘संकट’ म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळी वाट. मराठीत वाट गेली, आपत्ती उरली. फारसीतल्या ‘तंग’चा अर्थही अरुंदच, त्यातून विजार तंग झाली आणि पैशाची तंगी आली. दम्याला युनानी हकीम ‘झीकुन्नफस’ म्हणतात, म्हणजे श्वासाचा अरुंदपणा. दमेकऱ्याला विचारा, याहून नेमकं नाव तो सांगू शकणार नाही.

आता ‘स्टेंट’. स्टेनोसिसवरून स्टेंट, असं पुष्कळांना वाटतं. कानाला पटतंही, पण तसं नाही. चार्ल्स स्टेंट हे इंग्लंडमधले दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी त्यांनी १८५६ च्या सुमारास एक मिश्रण तयार केलं. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात एसर या डच शल्यवैद्याने कातडीचं कलम जागेवर धरून ठेवायला ते वापरलं आणि आधार देणाऱ्या वस्तूला स्टेंट म्हणायची रीत पडली. माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसला तो १९८६ साली, फ्रान्समध्ये. दंतवैद्य स्टेंट १८८५ सालीच वारले होते.

आपल्याकडे औषधी लेपाच्या स्टेंटला लाखाच्या वर रुपये मोजावे लागत. रक्तवाहिनीतली तंगी दूर करता करता घरात तंगी शिरे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधून दिली.