पंधरा ते पन्नास : पुण्यात जोडल्या गेलेल्या एका मर्सिडीजचा मधला काळ

१/
१९९५ साली पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड परिसरात, टेल्कोच्या आवारात, भारतात जोडली गेलेली पहिली मर्सिडीज-बेंझ मोटार बाहेर पडली. कारखान्याच्या परिभाषेत तिचे नाव डब्ल्यू-१२४. आज तिने तिशी गाठली आहे. ती नवी नाही, पण पुराणवस्तूही नाही. वस्तूच्या आयुष्यातील या मधल्या, दुर्लक्षित काळाचा हा इतिहास. (दीर्घ थ्रेड)

२/
ही मोटार पुण्यात अचानक अवतरली नाही. टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ पासूनचे. जमशेदपूरला तयार होणाऱ्या टाटांच्या ट्रकवर तेव्हा तीन टोकांचा मर्सिडीजचा तारा असे. करार संपल्यावर १९६९ मध्ये तो तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे ‘टी’ हे अक्षर आले. आपल्या आजोबांच्या पिढीसाठी मर्सिडीज म्हणजे मुख्यतः मालवाहू ट्रकच होता.

३/
टेल्कोचा पुण्यातील कारखाना १९६६ च्या सुमारास उभा राहू लागला. त्यामागे सुमंत मूळगावकर यांची दृष्टी होती. यंत्रांची यंत्रे आपणच घडवावीत, कुशल कामगार आपणच तयार करावेत, असा त्यांचा आग्रह. पिंपरी-चिंचवडच्या माळावर कुशल तंत्रज्ञांची जी वस्ती पुढे वाढली, तिच्या मुळाशी असे कारखाने आहेत. जर्मन कंपनीने मोटारीसाठी हीच जागा निवडली, हे त्यामुळे नवल नव्हते.

४/
दार उघडले ते सरकारी धोरणाने. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर १९९३ मध्ये मोटार उद्योग परवाना पद्धतीतून मुक्त झाला. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी टेल्कोच्या भागीदारीत स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी जर्मनीहून आलेले सुटे भाग पुण्यात जोडून ‘ई २२०’ ही पेट्रोल मोटार तयार होऊ लागली. मागोमाग ‘ई २५० डिझेल’ आली.

५/
जर्मनीत मात्र या मोटारीचा जन्म १९८४ च्या अखेरीचा. अभिकल्प विभागाचे प्रमुख होते इटलीत जन्मलेले ब्रूनो साक्को. वाऱ्याचा रोध कमी करणारा सुटसुटीत आकार, खाली बंपरपर्यंत उघडणारी डिकी, काचेच्या सुमारे ८६ टक्के भागावर फिरणारा एकच वायपर. सजावट थोडी, पण प्रत्येक रेषेमागे काही कारण. सर्व प्रकार धरून अशा २५ लाखांहून अधिक मोटारी जगभर गेल्या.

६/
तिची खरी श्रीमंती डोळ्यांना दिसत नाही. मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांडे आधार देतात. १९८२ च्या ‘१९०’ या धाकट्या मॉडेलात प्रथम आलेली ही रचना. खड्ड्यातून जाताना चाक वरखाली होते, पण त्याची दिशा ढळत नाही. प्रवाशाला जाणवते ते एवढेच, की रस्ता होता त्याहून बरा वाटला.

७/
आणि येथेच पहिला विरोधाभास. पुण्या-मुंबईत जी मोटार उद्योगपतीच्या दारात उभी राहिली, तीच जर्मनीत फिकट हस्तिदंती रंगात रेल्वे स्थानकाबाहेर टॅक्सी म्हणून उभी असे. जर्मन टॅक्सीचालक तिला निवडत तो टिकाऊपणासाठी. आपल्याकडे तीच मोटार प्रतिष्ठेची खूण ठरली. ‘आलिशान’ हे विशेषण वस्तूला कायमचे चिकटलेले नसते. ते समाज देतो, आणि समाजच काढूनही घेतो.

८/
दुसरा विरोधाभास काळाचा. ज्या १९९५ मध्ये ती पुण्यात आली, त्याच वर्षी जर्मनीत तिची उत्तराधिकारी, गोल दिव्यांची डब्ल्यू-२१०, बाजारात उतरली. भारताला हे नवे नव्हते. अॅम्बॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, कुर्ल्याची पद्मिनी ही फियाट ११००, काँटेसा ही वॉक्सहॉल व्हिक्टर. तिकडे निवृत्त होणारी मोटार इकडे नवी म्हणून नांदे. फरक एवढाच, की या वेळी पाहुणी दोनेक वर्षांतच निघून गेली.

९/
पुढे या मोटारींचे जे झाले, ते साऱ्या महागड्या मोटारींचे होते. पहिला मालक नव्या मॉडेलकडे वळतो. दुसरा मालक हौसेने घेतो. तिसऱ्याच्या हाती येईपर्यंत तिची किंमत एखाद्या लहान नव्या मोटारीहून खाली आलेली असते. पण एक गोष्ट कधीच खाली येत नाही, ती म्हणजे तिच्या सुट्या भागांची किंमत. विकत घेताना ती स्वस्त असते. सांभाळताना मात्र ती आजही उद्योगपतीचीच मोटार असते.

१०/
मग कोणी ती का चालवावी? उत्तर चालकाच्या आसनावर मिळते. समोर मोठा वेगदर्शक, डावीकडे इंधन, तापमान आणि तेलाचा दाब दाखवणारे लहान काटे. इंजिन धावू लागले की तेलाच्या दाबाचा काटा थेट तीनच्या आकड्याला टेकतो आणि सिग्नलवर गरम इंजिन मंद झाले की थोडा खाली उतरतो. जाणता मालक या काट्याकडे वैद्याने नाडीकडे पाहावे तसा पाहतो.

११/
हात आणि पाय यांनाही नवे वळण लावावे लागते. हँडब्रेक हाताने ओढायचा नसून पायाने दाबायचा, आणि सोडताना डॅशबोर्डखालची मूठ ओढायची. स्टिअरिंग आजच्या मोटारींसारखे चपळ नाही. ते सावकाश, पण ठाम उत्तर देते. खंडाळ्याच्या घाटात आषाढातला पाऊस कोसळत असताना तो एकटा वायपर आत-बाहेर सरकत काचेचे कोपरे गाठू लागतो, तेव्हा १९८४ मधील अभियंत्यांनी काय साधले होते ते समजते.

१२/
मात्र ज्या गुणांमुळे ही मोटार श्रेष्ठ ठरली, तेच म्हातारपणी तिचे दुखणे होतात. एका चाकाला पाच दांडे, म्हणजे दोन चाकांना दहा. त्यांच्या टोकांना रबरी बुश. रबर ऊन, धूळ आणि खड्डे यांनी झिजते आणि मागचा भाग वेगात किंचित भरकटू लागतो. साध्या मोटारीत दोन-चार बुश बदलून भागते. येथे दहाही दांडे तपासावे लागतात.

१३/
वातानुकूलन यंत्राचा हवा थंड करणारा भाग डॅशबोर्डच्या पोटात दडलेला आहे. तो गळू लागला की संपूर्ण डॅशबोर्ड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. भागाची किंमत एकवेळ परवडते, पण ते काम नीट करणारे हात मिळणे कठीण. किनारपट्टीवरच्या मोटारीत गंज आणखी वेगळा. दारांच्या खालच्या प्लास्टिक पट्ट्यांमागे आणि जॅक लावण्याच्या जागी तो आतून पोखरत जातो. वरचा रंग तोवर चकाकत असतो.

१४/
सर्वांत फसवे दुखणे वायरिंगचे. सुमारे १९९२ ते १९९५ दरम्यानच्या अनेक मोटारींत इंजिनाजवळच्या तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, ही गोष्ट या मॉडेलच्या जाणकारांत सर्वश्रुत आहे. उघड्या तारा एकमेकींना भिडल्या की इंजिनाचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक भागही धोक्यात येतात. म्हणून जुनी डब्ल्यू-१२४ पाहायला जाणारा जाणकार आधी बोनेट उघडतो आणि तार बोटांनी हलकेच वाकवून पाहतो.

१५/
या मोटारी जगल्या त्या गॅरेजमधल्या मेकॅनिकांमुळे. हे ज्ञान पुस्तकात थोडे, हातात अधिक. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, कोणता भाग दुसऱ्या मॉडेलचा चालतो, भंगारात निघालेल्या मोटारीतून काय वाचवावे, हे एक जण दुसऱ्याला शिकवतो. भंगारातली एक मोटार दोन जिवंत मोटारींना अवयव देते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे तोंडी ज्ञान नोंदवून ठेवायला हवे. त्याची दप्तरे कुठेही नाहीत.

१६/
आता कायद्याकडे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले. आयात मोटारींसाठी १५,००० वरून ४०,००० वर. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० झाले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर आहेच.

१७/
दुसऱ्या टोकाला वारसा. जुलै २०२१ मधील केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली मोटार ‘विंटेज’ ठरते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अशी नोंदणी घेतली की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यापुरतीच मुभा.

१८/
हिशेब मांडून पाहावा. १९९५ च्या पुण्याच्या मोटारीची पहिली नोंदणी संपली २०१० मध्ये. विंटेज होण्याची तिची पात्रता येईल २०४५ मध्ये. मधली पस्तीस वर्षे, सात नूतनीकरणे. जर्मनीत हीच मर्यादा तीस वर्षांची आहे. १९९७ पासून तेथे अशा मोटारींना ‘एच’ अक्षराची पाटी मिळते आणि ती लावून मोटार रोज चालवताही येते. म्हणजे १९९५ ची जर्मन बहीण २०२५ मध्येच वारसा ठरू लागली. पुण्याच्या मोटारीला त्यापुढेही वीस वर्षे, २०४५ पर्यंत, तग धरायची आहे.

१९/
कायद्याची बाजूही समजून घ्यावी लागेल. जुन्या मोटारीचा धूर नव्या मोटारीहून अधिक हानिकारक, यात शंका नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांविरुद्ध हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पावले उचलली, ती तेथील हवेची अवस्था पाहून. प्रश्न जुन्या मोटारी हटवाव्यात की नाही, हा नाही. रोज शंभर फेऱ्या मारणारे जुने वाहन आणि महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडणारी जपलेली मोटार यांत कायदा फरक करतो का, हा आहे.

२०/
मराठी इतिहासाने हा प्रश्न वेगळ्या रूपात अनुभवला आहे. पेशवाई बुडाल्यानंतर मोडी कागद घरोघरी पडून होते. व्यवहारात त्यांचा उपयोग संपला होता आणि इतिहासाचे साधन म्हणून त्यांची किंमत अजून कोणी ओळखली नव्हती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून ते गोळा करू लागले, त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. तोवर कितीतरी कागद वाळवीने खाल्ले होते, कितीतरी रद्दीत गेले होते.

२१/
मोटार आणि मोडी दप्तर यांची योग्यता एक नव्हे. पण दोघांचा धोक्याचा काळ सारखाच. नवी वस्तू मालक जपतो, प्राचीन वस्तू संग्रहालय जपते. मधल्या काळात ती फक्त ‘जुनी’ असते, आणि बहुतेक वस्तू नष्ट होतात त्या याच काळात. २०४५ मध्ये पुण्याच्या संग्रहालयात १९९५ ची ‘ई २२०’ दिसावी असे वाटत असेल, तर आज ती कोणीतरी चालवत राहायला हवी. उभी राहिलेली मोटार रबर, तेल आणि गंज यांच्यापुढे धावत्या मोटारीहून लवकर हरते.

२२/
मर्सिडीज-बेंझचा कारखाना २००९ मध्ये चाकणला गेला. टेल्कोचे नावही त्याआधीच टाटा मोटर्स झाले होते. उदारीकरणाच्या पहिल्या वर्षांची साक्ष आज कागदांत, छायाचित्रांत आणि अशा काही मोटारींत उरली आहे. एखाद्या पावसाळी सकाळी शेजारून चौकोनी दिव्यांची जुनी मर्सिडीज शांतपणे पुढे गेली, तर तिच्या मालकाला श्रीमंत समजण्याची घाई करू नये. बहुधा तो सहाव्या-सातव्या हातचा मालक असेल, आणि पुढच्या नूतनीकरणासाठी पैसे बाजूला टाकत असेल.

(समाप्त)