पाच जिनसांचे पेय आणि हैदराबादची द्राक्षे

हैदराबादच्या दिलसुखनगरात चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, की पूर्वी वाटसरूला प्रथम फळांचा वास येई. जवळच कोत्तापेटला गड्डीअन्नारमचा मोठा फळबाजार भरत असे. आंबा, मोसंबी, कलिंगड, द्राक्षे यांच्या राशी तेथे पडत. २०२१-२२ च्या सुमारास हा बाजार शहराबाहेर हलविण्यात आला आणि जुन्या जागेवर मोठ्या सरकारी रुग्णालयाची कोनशिला बसली. तो सुगंधही मग रस्त्यावरून नाहीसा झाला.

फळाचा रस, थंड पाणी, थोडी साखर आणि थोडा आंबटपणा यांच्या आधारे उन्हाळा सुसह्य करण्याची कला जगातील सर्वच उष्ण देशांना साधलेली आहे. दक्खनने पन्हे आणि सरबत केले. स्पेनने त्याच रीतीने आपला द्राक्षारस सौम्य केला. त्या देशाचे ‘सांग्रिया’ हे पेय आज सर्वत्र ठाऊक आहे. स्पॅनिश भाषेतील रक्त या अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे पेयाच्या तांबड्या रंगावरून, हे नाव पडले. तांबड्या द्राक्षारसात संत्र्या-लिंबाच्या चकत्या, साखर, क्वचित दालचिनी आणि पाणी किंवा सोडा घालून ते करतात. आंदालुसिया प्रांतात याहूनही साधे पेय आहे. त्याला तेथील लोक ‘तिंतो दे वेरानो’, म्हणजे उन्हाळ्यातला तांबडा द्राक्षारस, असे म्हणतात. त्यात निम्मा द्राक्षारस आणि निम्मा गोडसर सोडा, एवढेच. कॉर्दोबा येथील वार्गास नावाच्या एका खानावळवाल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ते प्रथम दिले, असे सांगतात.

द्राक्षारसात पाणी घालण्याची चाल मात्र याहून फार जुनी. प्राचीन ग्रीक लोक निर्भेळ द्राक्षारस पिणाऱ्यास रानटी समजत. मिस्सेच्या विधीत धर्मगुरू चषकातील द्राक्षारसात पाण्याचे थेंब मिसळतो, त्याच्याही पाठीशी भूमध्य समुद्राकाठची हीच जुनी रीत आहे.

अशा मिश्र पेयांच्या कुळातील एका प्रसिद्ध नावाचा धागा थेट गोवळकोंड्याच्या राज्यात येऊन पोचतो. ते नाव म्हणजे ‘पंच’. सप्टेंबर १६३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या नोकराने पेटापोली येथील वखारीत एक पत्र धाडले. त्यात हा शब्द इंग्रजीत प्रथम लिहिलेला आढळतो. पेटापोली म्हणजे आजचे निजामपट्टणम. त्या वेळी हा किनारा अब्दुल्ला कुत्बशहाच्या अमलाखाली होता. पुढे १६७२ नंतर हिंदुस्थानात वावरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने गोव्यातील नेरूल गावच्या अरकाची वाखाणणी केली. त्या अरकापासून इंग्रज जे पेय करतात त्यात पाच जिनसा असतात आणि त्याचे नाव देशी भाषेतील ‘पाच’ या संख्येवरून आले, असेही त्याने नोंदविले. फ्रेंच प्रवासी बर्निए याने बंगालमधील अशाच पेयात गुळाचा अरक, लिंबाचा रस, पाणी आणि वर जायफळ असल्याचे सांगून ते प्रकृतीला घातक असल्याचा इशारा दिला. काही पंडित या नावाचे मूळ पिंपाच्या एका इंग्रजी शब्दात शोधतात; पण ज्याच्या घरी पंचामृत होते त्या वाचकाला फ्रायरचे म्हणणे पटण्यास फारसे कष्ट पडू नयेत.

खलाशांबरोबर पंच लंडनला गेले. १७३६ मध्ये तेथील एका मासिकाने बातमी दिली, की स्ट्रँड रस्त्यावरील एक विक्रेता नवेच पंच विकू लागला आहे. ते मादेरा बेटावरील कडक द्राक्षारसाचे असून त्याचे नाव ‘सांग्रे’. सांग्रिया ही पंचाची कन्या आहे, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. परंतु पाच जिनसांचे देशी गणित आणि स्पॅनिश नाव ही दोन्ही त्या दुकानात एकाच पात्रात आली होती, एवढे निश्चित.

पुढे या नावांचे भाग्य भिन्न झाले. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनाने सांग्रिया अमेरिकेला चाखविली. २०१४ मध्ये युरोपीय संघाने कायदाच केला, की केवळ ‘सांग्रिया’ हे नाव लावून विकण्याचा अधिकार स्पेन आणि पोर्तुगाल या दोनच देशांचा. त्यात मद्यार्क किती असावा, तेही ठरले: निदान साडेचार टक्के आणि बारा टक्क्यांहून कमी. याउलट पंच कोणत्या देशाचे, याची आज कोणी विचारपूसही करीत नाही.

हैदराबादपाशी नुसता शब्दच नव्हता, द्राक्षेही होती. सुमारे १८९० मध्ये अब्दुल बाकर खान यांनी या शहरात ‘अनाब-ए-शाही’ ही मोठ्या, लांबट, फिकट दाण्याची जात लावली. ती खाण्याची आणि रस काढण्याची जात. भरघोस पिकाबद्दल तिची कीर्ती महाराष्ट्रातील बागायतदारांपर्यंत पोचली. शहराभोवती तिचे मळे पसरले होते. पण शहर वाढले, जमिनीला द्राक्षांपेक्षा घरांचा भाव अधिक आला आणि मांडव उतरले. दिलसुखनगराची जन्मकथा याच जातीची: दिलसुख राम प्रसाद नामक जमीनदाराच्या शेतजमिनीचे भूखंड पडून ही वस्ती झाली, असे म्हणतात.

स्पेनने आपल्या पेयाचे नाव कायद्याने राखले, कारण त्या नावामागे अजून पिकते मळे आणि त्यांवर पोट असलेले शेतकरी उभे आहेत. दक्खनमध्ये मळा गेला, बाजार गेला, आणि जे नाव जगभर गेले त्याचे मूळही विसरले गेले. द्राक्षारस कोणी प्यावा वा न प्यावा, हा प्रश्न निराळा. पण उन्हाळ्यात फळांच्या गाडीशी उभ्या राहणाऱ्या दिलसुखनगरच्या मुलाला, आपल्या शहराची एक शाही द्राक्षाची जात होती, एवढे तरी ठाऊक असावे.