देवी काढणारा आणि भंडाऱ्याची आई

‘देवी येणें’ व ‘देवी काढणें’ हे मराठींतील दोन्ही वाक्प्रचार एकाच रोगासंबंधींचे. पहिल्यांत आई हात जोडते. दुसऱ्यांत तिला मूल पुढें करावें लागतें.

जेन्नरनें १७९६ सालीं लस टोचण्याचा प्रयोग केला आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली. भंडारा जिल्हा १८५४ सालीं भोसल्यांच्या राज्याबरोबर इंग्रजी अंमलाखालीं आला व १८६१ पासून मध्यप्रांतांत मोडूं लागला. देवी काढणारा खेड्यांतून फिरूं लागला, तेव्हां बाया मुलें लपवीत. त्यांस अडाणी म्हणणें सोपें आहे. पण तें अर्धेंच खरें.

त्या काळीं एका मुलाच्या दंडावर आठव्या दिवशीं भरलेल्या फोडांतून लस काढून ती दुसऱ्यास टोचीत. म्हणजे आईनें आपलें मूल टोचवून घ्यावयाचें, त्याचा ताप निस्तरावयाचा, आणि फोड ऐन भरला म्हणजे परक्या मुलांकरितां तो चिरूं द्यावयाचा! लस कोणाच्या घरची, हा जातीचा प्रश्न आणखी निराळा. या रीतीनें उपदंशासारखा रोगही पसरूं शके, हें पुढें डॉक्टरांनींच मान्य केलें. उन्हाळ्यांत लस निकामी होई, म्हणून टोचणी हिवाळ्यांत. आणि वैनगंगेच्या खोऱ्यांत धानाची कापणीही तेव्हांच. तापलेलें मूल कडेवर घेऊन बांधींत उतरणें मजूर बाईस कसें परवडावें?

शिवाय टोचल्यावर मुलाचें बरेंवाईट झालें तर सासूपासून शेजारणीपर्यंत सर्वांचा बोल आईवरच. देवी येऊन मूल गेलें तर तो मातेचा कोप. घरांत फोडणी बंद करून, उशाशीं निंबाचा पाला ठेवून रात्री जागवावयाच्या त्या मात्र तिनेंच. लस न घेतलेल्या १० रोग्यांपैकीं सुमारें ३ दगावत.

पुढें वासरांच्या अंगावर लस तयार होऊं लागली आणि दंडादंडाचें हें देणेंघेणें संपलें. देशांत कित्येक ठिकाणीं बायांनीं आपली तोडही काढली: मूल टोचून घ्यावयाचें आणि देवीपुढें नारळही वाढवावयाचा.

भारतांतील शेवटचे रोगी मे १९७५ मध्यें आढळले. ८ मे १९८० रोजीं साऱ्या जगांतून रोग गेल्याचें जाहीर झालें. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. दोन्हीकडील वृद्ध बायांच्या हातांवर ते वाटोळे वण अद्याप दिसतात.