एसटी बंद, केमोची तारीख चालू : यवतमाळ २०२०

आजचा इतिहास पानिपताइतका जुना नाही. आपण सगळ्यांनी जगलेला आहे.

मार्च २०२० च्या मध्यात दुबईहून परतलेल्या प्रवाशांमुळे यवतमाळचं नाव टीव्हीवर झळकलं. २३ मार्चला राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, २५ पासून सगळा देश बंद. आता हीच गोष्ट अशा माणसाच्या बाजूने बघा, ज्याच्या फाईलमध्ये त्या आठवड्यातली केमोची तारीख लिहिलेली होती.

यवतमाळच्या कॅन्सर पेशंटसाठी उपचार म्हणजे आधी प्रवास. नागपूर साधारण १५० किलोमीटर, नाहीतर वर्ध्याकडे सेवाग्राम किंवा सावंगी. आणि केस अवघड असली की मुंबईचं टाटा. त्यासाठी आधी धामणगाव गाठायचं, कारण यवतमाळ शहरात मुंबईची गाडी येतच नाही. गंमत बघा, २० मार्चपासून रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, पण पेशंटची सवलत ठेवली. दोन दिवसांनी प्रवासी गाड्याच थांबल्या. सवलत शाबूत, गाडी नाही.

एसटीचंही तेच. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी एसटी परत सुरू झाली ती २० ऑगस्टला. २३ मार्चपासून मोजा, १५० दिवस. दर २१ दिवसांनी एक या हिशोबाने त्यात सात केमो बसतात! पास काढून खासगी गाडीने जाता येत होतं, पण एसटीच्या तिकिटात आणि भाड्याच्या गाडीत किती फरक असतो हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. रेडिएशन, म्हणजे ज्याला बरेच जण 'शेक' म्हणतात, ते तर आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. मध्येच सुटलं की परिणाम कमी होतो.

मग हे लोक कोरोनाकडे कसं बघत होते? आपल्यासाठी मास्क, गर्दी टाळणं, बाहेरचं न खाणं हे सगळं नवीन होतं. केमो चालू असलेल्या माणसाला हेच नियम आधीपासून सांगितलेले असतात, कारण केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा तापही महागात पडतो. त्यामुळे नियम त्यांना जड गेले नाहीत. जड गेला तो हिशोब. दवाखान्यात गेलो तर कोरोना, घरी बसलो तर गाठ वाढणार. वर केमोच्या आधी टेस्ट, आणि पॉझिटिव्ह आली की तारीख पुढे.

डॉक्टरही हाच हिशोब करत होते. थांबू शकणारी ऑपरेशनं पुढे ढकलली, जमेल तिथे सलाईनऐवजी गोळ्या दिल्या. फोनवरून तपासणीचे नियम केंद्राने २५ मार्चलाच काढले होते. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ लागले, पण शेक व्हॉट्सअ‍ॅपवर देता येत नाही.

देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचा मार्च ते मेचा एक अभ्यास 'लॅन्सेट ऑन्कोलॉजी'मध्ये आला. २०१९ मध्ये त्या तीन महिन्यांत १,१२,२७० नवे पेशंट नोंदले गेले होते, २०२० मध्ये ५१,७६०. म्हणजे ५४ टक्के घट. रेडिएशन मात्र फक्त २३ टक्क्यांनी घटलं. मला यातून दिसतं ते असं, की ज्यांचे उपचार सुरू होते त्यांनी धडपड करून ते बऱ्यापैकी टिकवले. मोठा फटका बसला तो अजून निदानच न झालेल्यांना. आपल्या खर्रा खाणाऱ्या जिल्ह्यात याचा अर्थ काय? तोंडातला न भरणारा चट्टा मास्कच्या आड, आणि दातांचे दवाखाने बहुतेक बंद.

१९१८ च्या फ्लूत आपला वऱ्हाड आणि शेजारचा मध्य प्रांत सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांत होता. तेव्हा तोंडात गाठ असलेल्या माणसाची चुकण्यासारखी तारीखच नव्हती. टाटा हॉस्पिटल उघडलं १९४१ मध्ये. पुढे उपचार आले, पण दूरच्या शहरांत आले, आणि २०२० मध्ये नेमका तो रस्ताच बंद झाला.

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस मिळू लागली. त्या आजारांच्या यादीत कॅन्सर होता, फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं. पेशंटचा प्रश्न वेगळाच : केमो चालू असताना लस घ्यायची का? आणि ज्याचं वय ४५ च्या खाली, तो कॅन्सर असूनही यादीबाहेर. त्याचा नंबर लागला १ मेला. १२ मेला साठा संपत आला म्हणून राज्याने १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं.