भाकरीचे गणित

भाकरी थापणाऱ्या गृहिणीने उष्मांक कधी मोजले नाहीत. तिचे माप मूठ आणि पसा. १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि ज्वारी-डाळींना आकडे लाभले. पुढे दारिद्र्यही उष्मांकांनीच मोजले गेले. माणशी रोज २२५० उष्मांकांचा आहार ज्या खर्चात मिळेल, ती दारिद्र्याची सीमा, असे १९७१ साली पुण्याच्या वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी मांडले. पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली: निरोगी माणसाचा आहारही रोज कमीअधिक होतो, सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नव्हे. दांडेकरांना ते पटले नाही. वाद विद्वानांचा खरा. परंतु देशातील भुकेल्यांची संख्या त्यावरच ठरणार होती.