मीटर क्लस्टरची अदलाबदल (मोटारगाडी)

मीटर क्लस्टरची अदलाबदल : एका मोटारीच्या डॅशबोर्डवरील मीटरे आणि इशारादिव्यांचा अख्खा संच काढून दुसऱ्या मोटारीत बसवणे. मूळ संच बिघडला, स्वस्त मॉडेलला आरपीएम मीटर नव्हते किंवा गाडीत वेगळे इंजिन घातले, की हे काम निघते. कडा तासून आणि पट्ट्या वाकवून संच जागेवर बसतो, कप्लरच्या तारा जुळवल्या की काटे हलूही लागतात. पण हलणारा काटा बरोबर असेलच असे नाही. या कामाची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

ओटो शुल्त्से यांनी १९०२ साली बर्लिनमध्ये पेटंट घेतलेल्या प्रकारच्या वेगमापकात गिअरबॉक्सकडून येणारी केबल चुंबक फिरवते. चुंबक धातूच्या वाटीला ओढतो आणि बारीक स्प्रिंग तिला आवरते. ठरावीक अंतरात केबलचे किती फेरे होतात, त्यावर तबकडी आखलेली असते; ब्रिटनच्या स्मिथ्स मीटरांवर मैलामागचा हा आकडा तबकडीवरच छापलेला सापडतो. किलोमीटरमागे ६२० फेऱ्यांसाठी आखलेले मीटर ५६० फेरे देणाऱ्या गाडीत लावले, तर ६०च्या वेगाला काटा जेमतेम ५४ दाखवेल. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. जादा दाखवायला मर्यादित मुभा आहे, कमी दाखवायला अजिबात नाही.

आरपीएम मीटर प्रज्वलनाचे ठोके मोजते. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके पडतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. म्हणून सहा सिलिंडरचे मीटर चारच्या गाडीत ३०००ला २००० दाखवते.

सर्वांत फसवे इंधनाचे मीटर. टाकीतला फ्लोट रोध बदलतो आणि मीटर तो वाचते. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत टाकी रिकामी असताना सुमारे ० ओम आणि भरलेली असताना ९० ओम असत. जुन्या फोर्डमध्ये रिकामीला सुमारे ७३ आणि भरलेलीला १०. पहिल्या प्रकारच्या फ्लोटला दुसऱ्याचे मीटर जोडले, तर टाकी कोरडी पडत आली की काटा ‘भरलेली’कडे सरकतो. तापमानाच्या मीटरची गोष्टही अशीच, फक्त तिथली चूक इंजिनाच्या जिवावर बेतते. फ्लोट किंवा सेन्सर त्या क्लस्टरच्या जोडीचाच घेणे हा खात्रीचा उपाय.

चार्जिंगच्या दिव्याकडे हमखास दुर्लक्ष होते. अनेक गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा उत्तेजक प्रवाह याच दिव्यातून मिळतो. जुन्या बल्बमधून तो पुरेसा जातो, नव्या क्लस्टरच्या एलईडीमधून अगदी थोडा. मग इंजिन चालू असूनही बॅटरी उतरत जाते आणि दोष मात्र अल्टरनेटरच्या माथी येतो. एलईडीच्या शाखेला समांतर ५० ते १०० ओमचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडला की काम भागते.

बॉशने १९८६ साली मांडलेली कॅन बस (गाडीतल्या नियंत्रकांमध्ये संदेश वाहणारी सामायिक तारजोडी) मोटारींत रुळल्यावर तारांची जुळणी सोपी झाली आणि संदेशांची जुळणी अवघड. क्लस्टरला ओळखीचा संदेश मिळाला नाही, तर काटा शून्यावरच राहतो. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत, चाकणला बनलेल्या पोलोतही, इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीरोधक यंत्रणा) क्लस्टरमध्येच असतो. दुसऱ्या पोलोचा क्लस्टर लावल्यास इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. स्कॅनरने गुप्त कोड देऊन क्लस्टर, ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) आणि किल्ल्या पुन्हा एकमेकांना ओळखीच्या कराव्या लागतात. त्यामुळे जुना क्लस्टर धडपणे काढून, त्यातला डेटा वाचून ठेवणे हे पहिले काम; तो जळाल्यावर हीच गोष्ट फार महाग पडते.

राहिला ओडोमीटर. वापरलेल्या क्लस्टरबरोबर परक्या गाडीचे किलोमीटर येतात. अमेरिकेच्या १९७२च्या कायद्याने दुरुस्तीनंतर पूर्वीचाच आकडा ठेवणे सक्तीचे केले. ते शक्य नसेल तर आकडा शून्यावर आणून, जुने वाचन आणि बदलाची तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. जर्मनीत फसवणुकीसाठी ओडोमीटर बदलणे २००५पासून गुन्हा आहे. भारतातही मालकाने दोन्ही क्लस्टरवरचे आकडे आणि तारीख गॅरेजच्या बिलावर लिहून घ्यावी आणि गाडी विकताना ते बिल घेणाऱ्याच्या हाती द्यावे.