हॅण्डसायकलवरील जनजागृती यात्रा : आखणी कशी असावी?

पायांऐवजी हातांनी पॅडल फिरवून चालवायच्या, बहुधा तीन चाकांच्या सायकलीला हॅण्डसायकल म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ येथील श्टेफान फार्फलर या पायांनी अधू असलेल्या घड्याळजीने १६५५च्या सुमारास स्वतःसाठी हाताने दांडा फिरवून चालणारी तीन चाकी गाडी तयार केली होती. आपल्याकडे कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कंपनीची तिचाकी गावोगावी परिचित आहे. ती गावातल्या गावात ये-जा करण्यासाठी असते. दूरच्या प्रवासाची हॅण्डसायकल वेगळी. तिची बैठक जमिनीलगत आणि मागे रेललेली असते, दोन्ही हातांचे पॅडल एकाच वेळी फिरतात आणि चढासाठी तिला गिअर असतात. २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकपासून हॅण्डसायकलिंगला त्या स्पर्धांत स्थान मिळाले.

याच वाहनावर शेकडो, हजारो किलोमीटर जाऊन एखाद्या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधण्याची कल्पना अनेकांना खुणावते. अशा यात्रेत धाडसाला दाद मिळते, पण प्रश्न मागे राहतो, हा धोकाही तितकाच मोठा असतो. तो टाळायचा तर आखणीची सुरुवात नकाशापासून नव्हे, मागणीपासून व्हावी लागते.

मागणी आधी, अंतर नंतर

'जनजागृती' हा शब्द मोघम आहे. लोकांना नेमके काय करायला सांगायचे, हे एका वाक्यात मांडता आले पाहिजे. कॅनडाचा टेरी फॉक्स १९८०मध्ये एका कृत्रिम पायावर देश धावत ओलांडायला निघाला. कर्करोग पुन्हा बळावल्याने १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर त्याला थांबावे लागले. पण त्याची मागणी साधी होती : संशोधनासाठी प्रत्येक कॅनडावासीयामागे एक डॉलर. जून १९८१मध्ये त्याचा मृत्यू झाला; त्यापूर्वीच ते उद्दिष्ट पूर्ण झाले होते.

त्याचाच मित्र रिक हॅन्सन २१ मार्च १९८५ रोजी व्हँकूव्हरहून चाकाच्या खुर्चीतून जगप्रवासाला निघाला. पंधराव्या वर्षी झालेल्या अपघातात त्याचे पाय निकामी झाले होते. ३४ देश आणि ४० हजारांहून अधिक किलोमीटर पार करून २२ मे १९८७ रोजी तो परतला. मणक्याच्या दुखापतीवरील संशोधन आणि अपंगांसाठीच्या कामाकरिता सुमारे २ कोटी ६० लाख कॅनेडियन डॉलर जमा झाले. त्यातील मोठा ओघ आला तो परदेशातून नव्हे, तर शेवटच्या टप्प्यात, स्वतःच्या देशातून. जेथे माणूस परिचित असतो आणि त्याची मागणी लोकांना आपली वाटते, तेथे प्रतिसाद मिळतो. म्हणून पहिल्या यात्रेसाठी देशापेक्षा जिल्हा किंवा राज्य निवडण्यात कमीपणा नाही.

हातांचे अंकगणित

हॅन्सनचा प्रवास ७९२ दिवस चालला. विश्रांती, आजारपण आणि सभा-समारंभ धरून ही सरासरी दिवसाला सुमारे ५० किलोमीटर भरते. तो आंतरराष्ट्रीय दर्जाचा मॅरेथॉनपटू होता, हे लक्षात घेता नवख्याने याहून मोठा आकडा कागदावर मांडू नये.

उदाहरणादाखल श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ घेता येईल. अंतर साधारण ३,७०० किलोमीटर. रोज ५० किलोमीटर धरल्यास सायकल चालवण्याचेच ७४ दिवस होतात. आठवड्याला एक दिवस विश्रांतीचा आणि वाटेतील शहरांत कार्यक्रमांसाठी एकूण दहा दिवस धरले, तर यात्रा ९५ दिवसांच्या पुढे जाते. हे दहा दिवसच खरे महत्त्वाचे. वेळ कमी पडू लागला की नेमकी त्यांवरच प्रथम कात्री चालवली जाते.

निघण्याचा दिवस हवामान ठरवते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात श्रीनगर सोडल्यास काश्मीरमधील कडाक्याची थंडी आणि पंजाब-हरियाणातील दाट धुके टाळता येते. ईशान्य मोसमी पाऊस ओसरल्यावर, जानेवारीच्या अखेरीस तमिळनाडूत पोहोचता येते. मात्र नोव्हेंबरात दिल्लीची हवा अत्यंत दूषित असते. तेथील मुक्काम त्यामुळे आटोपशीर ठेवावा. थोडी जुळवाजुळव केल्यास ३ डिसेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन, नागपूरच्या आसपास येतो. कार्यक्रमासाठी यापेक्षा चांगला दिवस शोधून सापडणार नाही.

शरीराची निगा

पाय थकलेल्या सायकलस्वाराला रात्री किमान हात तरी मोकळे असतात. मणक्याची दुखापत झालेल्या व्यक्तीचे तसे नसते. ज्या खांद्यांनी दिवसभर सायकल ओढली, त्याच खांद्यांवर भार देऊन तिला पलंगावर, खुर्चीत आणि स्वच्छतागृहात जायचे असते. खांदा दुखावला, तर केवळ यात्रा थांबत नाही. रोजचे स्वावलंबनही जाते. त्यामुळे सराव किमान सहा महिने आधी सुरू करून अंतर हळूहळू वाढवणे, खांद्याच्या मागील स्नायूंचा व्यायाम करणे आणि फिजिओथेरपिस्ट सोबत ठेवणे आवश्यक ठरते.

आणखी तीन गोष्टींचा आधीच विचार व्हावा. दुखापतीच्या खालच्या भागात घाम कमी येतो किंवा येतच नाही, त्यामुळे उन्हात शरीर लवकर तापते. पहाटे निघून दुपारपूर्वी थांबणे आणि अंगावर पाणी फवारणे हा त्यावरचा उपाय. दुसरी गोष्ट त्वचेची : संवेदना नसलेल्या भागावर दाब पडून जखम झाली तरी ती कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी आरशाच्या साहाय्याने तपासणी करावी. तिसरी गोष्ट मूत्राशयाची : स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने पाणी कमी पिण्याची सवय संसर्गाला आमंत्रण देते. छातीच्या वरच्या भागातील मणक्याला इजा असेल, तर मूत्राशय तुंबण्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब अचानक धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. सोबतच्या प्रत्येकाला ही लक्षणे ओळखता आली पाहिजेत.

रस्त्यावरील सुरक्षितता

हॅण्डसायकलस्वाराचे डोके मोटारीच्या बॉनेटच्या आसपास असते. उंच ट्रकच्या चालकाला तो दिसेलच असे नाही. उंच काठीवरील झेंडा, दिवसाही लुकलुकणारा दिवा आणि मागे इशारा दिवे लावलेली गाडी या किमान अटी होत. चढापेक्षा उतार अधिक घातक. पॅरालिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवणारा इटलीचा अलेक्स झानार्दी १९ जून २०२० रोजी अपंग खेळाडूंच्या एका रिले यात्रेत सहभागी झाला होता. टस्कनीतील पिएन्झाजवळ उतारावर त्याचा ताबा सुटला आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळून तो गंभीर जखमी झाला. इतक्या निष्णात खेळाडूच्या बाबतीत हे घडू शकते, तर घाट आणि लांब बोगदे गाडीतून पार करण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सायकलींना मज्जाव आहे. जुन्या महामार्गाने जायचे तर बोरघाटाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि वाहतूक शाखेला वेळापत्रकासह पत्र आधीच गेलेले असावे. 'आज थांबायचे' हा निर्णय कोणाचा, हेही निघण्यापूर्वी लेखी ठरवावे. तो अधिकार सायकलस्वाराकडे ठेवू नये. उत्साहाच्या भरात तो थांबत नाही.

मुक्काम हाच पुरावा

यात्रेची पूर्वतयारी करणाऱ्या चमूला प्रत्येक गावात एकच प्रश्न पडतो : चाकाची खुर्ची आत जाईल अशी खोली कोठे मिळेल? हा शोध म्हणजेच यात्रेचे सर्वात मोठे फलित ठरू शकते. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६'नुसार सार्वजनिक इमारती ठरावीक मुदतीत सुगम करणे बंधनकारक होते. नियम २०१७मध्ये आले. पाच वर्षांची मुदत २०२२मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक न राहता सक्तीचे असावेत, असा निकाल दिला.

अशा पार्श्वभूमीवर चमूने केवळ छायाचित्रे काढून भागत नाही. वाटेतील प्रत्येक शासकीय विश्रामगृह, बसस्थानक, तहसील कार्यालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चार नोंदी घ्याव्यात : प्रवेशाला उताररस्ता आहे का, त्याचा चढ बारा फुटांना एक फूट या प्रमाणापेक्षा तीव्र तर नाही ना, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आहे का आणि स्वच्छतागृहात खुर्ची वळते का. मोजपट्टी आणि वही एवढेच साहित्य त्यासाठी लागते. सत्तर मुक्कामांच्या अशा नोंदी हातात असलेला कार्यकर्ता निवेदन घेऊन जातो, तेव्हा त्याला सहानुभूतीवर बोळवता येत नाही.

पैसा आणि पाठपुरावा

यात्रेचा खर्च आणि कार्यासाठी मिळालेली देणगी यांची खाती वेगळी असावीत. देणगीदाराचा रुपया डिझेलवर गेला की उपचारावर, हे त्याला कळले पाहिजे. निधी संकलनासाठी नोंदणीकृत संस्थेची साथ घ्यावी आणि धर्मादाय आयुक्तालयाचे नियम आधी पाहावेत. सुटे भाग, सोबतच्या गाड्या, विमा आणि अचानक परतावे लागल्यास राखीव रक्कम यांचा अंदाज निघण्यापूर्वीच बांधावा.

समारोपाच्या दिवशी हार-तुरे होतील, वृत्तपत्रांत छायाचित्र येईल. त्यानंतरचे तीन महिने मात्र आखणीत अगदी सुरुवातीपासून धरलेले असावेत. संकलित नोंदींचा जिल्हावार अहवाल, तो संबंधित जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्रापुरता पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला सादर करणे, आणि सहा महिन्यांनी त्यातील निदान दहा ठिकाणी पुन्हा जाऊन उताररस्ता झाला की नाही हे पाहणे, एवढे काम शिल्लक असते. ते त्याच व्यक्तीने करावे असे नाही, पण ते कोण करणार, हे पहिले पॅडल फिरण्यापूर्वी ठरलेले असावे.